परतणारे आणि निघून जाणारे : ग्रीक महाकाव्य व हिब्रू बायबल यांतील प्रवासांच्या तुलनेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात आकाराला आलेल्या दोन ग्रंथपरंपरांनी पुढच्या साहित्याला प्रवासकथेचे दोन मोठे नमुने पुरवले. पहिला होमरच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’चा. ट्रॉयचे दहा वर्षांचे युद्ध आटोपल्यावर इथाका बेटाचा राजा ओडिसिअस आणखी दहा वर्षे भटकतो, सारे सोबती गमावतो आणि एकटाच घरी पोचतो. दुसरा नमुना हिब्रू बायबलचा, म्हणजे ख्रिस्ती परंपरा ज्याला जुना करार म्हणते त्या ग्रंथसंग्रहाचा. पण तेथे प्रवास एक नसून अनेक आहेत. अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून हारान सोडून कनान देशाकडे निघतो, त्याचा नातू याकोब भावाच्या भीतीने परागंदा होऊन वीस वर्षांनी परततो, याकोबाचा मुलगा योसेफ गुलाम म्हणून मिसरात नेला जातो आणि मोशे एका संपूर्ण जनसमूहाला त्याच मिसरातून बाहेर काढून चाळीस वर्षे अरण्यातून चालवतो.

हे प्रवास ‘वीरांचे’ म्हणावेत की नाही, हाच पहिला वाद. ग्रीकांच्या दृष्टीने वीर म्हणजे ज्याच्या थडग्यापाशी पूजा होते असा गतकाळातील श्रेष्ठ पुरुष, आणि महाकाव्यात त्याच्यापुढे दोन ध्येये असतात : गाण्यातून टिकणारी कीर्ती, जिला ग्रीक भाषेत ‘क्लेओस’ म्हणतात, आणि सुखरूप परत येणे, ज्याला ‘नोस्तोस’ म्हणतात. होमरच्याच नावावरील ‘इलियड’चा नायक अकिलीस याला यांपैकी एकच मिळू शकते आणि ओडिसिअसला दोन्ही मिळतात, हे ग्रेगरी नॉज यांनी १९७९ साली सविस्तर मांडले. हिब्रू कथेत मोशेचे थडगे कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही असे ग्रंथ मुद्दाम सांगतो. तरीही या दोन परंपरा शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा इतिहास पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते, जिची उघड चर्चा मात्र क्वचितच होते : ओडिसिअससमोर कोणता हिब्रू प्रवासी उभा केला, यावर तुलनेचा निष्कर्ष बव्हंशी आधीच ठरून जातो.

तुलनेची जुनी परंपरा

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचे, म्हणजे तोराचे, ग्रीक भाषांतर झाले आणि त्यानंतर ग्रीक शिक्षण घेतलेल्या ज्यूंच्या हाती दोन्ही परंपरा एकाच भाषेत आल्या. एझेकिएल नावाच्या ज्यू कवीने मिसरातून बाहेर पडण्याच्या कथेवर ग्रीक शोकनाट्याच्या छंदात नाटक लिहिले. त्याच्या २६९ ओळी आज उपलब्ध आहेत. पहिल्या शतकात फायलो या तत्त्वचिंतकाने अब्राहामाच्या स्थलांतराचा अर्थ देहाकडून आत्म्याकडे जाणारी वाटचाल असा लावला. ग्रीक भाष्यकार होमरच्या प्रसंगांचे जसे रूपकात्मक अर्थ लावत, तशीच ही रीत होती. त्याच शतकाच्या अखेरीस योसीफस या इतिहासकाराने मात्र उलटी बाजू घेतली. होमरचे काव्य लिखित स्वरूपात मागे राहिले नव्हते, ते गाण्यांतून नंतर जुळवले गेले, असा प्रवाद सांगून त्याने आपल्या लोकांच्या लेखी नोंदी अधिक विश्वासार्ह ठरवल्या.

सतराव्या-अठराव्या शतकांत ही तुलना विद्वत्तेचा खेळच बनली. झॅकरी बोगन यांनी १६५८ साली होमरमधील हिब्रू वळणाच्या शब्दयोजनांचा संग्रह छापला, तर डच पंडित खेरार्ड क्रूसे यांनी १७०४ साली पुढची उडी मारून ‘ओडिसी’ ही मुळात हिब्रू कुलपुरुषांचीच कथा असल्याचे प्रतिपादन केले. हे मत आज कोणी मानत नाही, मात्र साम्य दिसले की उसनवारी सिद्ध झाली असे मानण्याची सवय तेव्हापासून पूर्णपणे कधीच सुटली नाही. एकोणिसाव्या शतकात कल फिरला. मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८६९ साली ‘हिब्रू वृत्ती’ आणि ‘ग्रीक वृत्ती’ अशा दोन प्रेरणा वेगळ्या काढल्या, एक आचरणाकडे झुकलेली आणि दुसरी वस्तूंकडे जशा आहेत तसे पाहणारी, आणि साम्याच्या जागी विरोधाला मान आला.

आउअरबाख यांचे प्रकरण

आधुनिक चर्चेचा उगम जवळजवळ एकाच प्रकरणात आहे. मारबुर्ग विद्यापीठातील प्राध्यापक एरिख आउअरबाख यांना ज्यू असल्याकारणाने १९३५ साली नाझी राजवटीत पद सोडावे लागले. पुढे इस्तंबूल येथे १९४२ ते १९४५ या काळात, हाताशी पुरेसे ग्रंथालय नसताना, त्यांनी ‘मिमेसिस’ लिहिले आणि ते १९४६ साली बर्न येथे प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण दोन प्रसंगांवर उभे आहे.

पहिला प्रसंग ‘ओडिसी’च्या एकोणिसाव्या सर्गातला. भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या ओडिसिअसचे पाय म्हातारी दाई युरिक्लिया धुते, मांडीवरचा जुना व्रण तिच्या हाताला लागतो आणि ती त्याला ओळखते. मात्र ओळख पटते न पटते तोच कवी कथा थांबवतो आणि तो व्रण कसा झाला, आजोबांकडे गेलेल्या तरुण ओडिसिअसला पार्नासस पर्वतावरील शिकारीत रानडुकराने कसे फाडले, हे सत्तरांहून अधिक ओळींत सांगून मगच दाईच्या हातून सुटलेल्या पायाकडे आणि कलंडलेल्या पाण्याच्या भांड्याकडे वळतो. दुसरा प्रसंग बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातला. देव अब्राहामाला मुलाचा बळी देण्यास सांगतो, तो पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडून घेतो आणि मोरिया प्रदेशाकडे निघतो. प्रवास तीन दिवसांचा आहे, पण त्या तीन दिवसांत वाटेत काय दिसले, बापाच्या मनात काय चालले होते, मुलाचे वय काय, यांतले काहीही सांगितलेले नाही. एकदाच मुलगा विचारतो की अग्नी आणि लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कोठे आहे.

आउअरबाख यांचे निदान असे की होमरमध्ये सर्व काही प्रकाशात, एकाच पातळीवर आणि सांगून संपलेले असते, तर हिब्रू कथेत जेवढे सांगितले आहे त्यामागे न सांगितलेल्याचा मोठा अंधार असतो आणि तो वाचकाकडून अर्थ मागतो. यातून त्यांनी प्रवाशाविषयीही एक महत्त्वाचे विधान केले. वीस वर्षांनी परतलेला ओडिसिअस हा मुळात निघालेलाच ओडिसिअस असतो, काळ त्याच्यावरून केवळ ओघळून जातो. उलट बापाला फसवून आशीर्वाद लाटणारा याकोब आणि लाडका मुलगा श्वापदाने खाल्ला असे समजून कोसळणारा म्हातारा याकोब ही एकाच माणसाची दोन वेगळी रूपे आहेत, कारण मधल्या आयुष्याने त्याला घडवले आहे.

यावरील आक्षेपांचा गोषवारा द्यायचा तर तीन दिशा दिसतात. अभिजात ग्रीकच्या अभ्यासकांना होमरचे हे चित्र सपाट वाटले. आडॉल्फ क्योन्केन यांनी १९७६ साली व्रणाची उपकथा ताण सैल करत नाही, तर तो राखते असे दाखवले, आणि इरेने द योंग यांनी १९८५ साली ती उपकथा म्हणजे युरिक्लियाच्या मनात त्या क्षणी उसळलेली आठवण आहे, अशी वाचनाची वेगळी दिशा दिली. तसे मानले तर होमरमध्येही ‘आतले’ आहे, ते वेगळ्या रीतीने उघड होते इतकेच. दुसरा आक्षेप निवडीचा. सोळा हजारांच्या आसपास ओळींचे ‘इलियड’ आणि बारा हजारांहून अधिक ओळींची ‘ओडिसी’ यांतून एक संथ प्रसंग आणि हिब्रू ग्रंथांतून सर्वांत मितभाषी प्रसंग उचलला तर विरोध निघणारच. योसेफाची कथा किंवा दाविदाच्या दरबाराची कथा घेतली असती तर हिब्रू गद्यही पुरेसे बोलके ठरले असते. तिसरी दिशा ऐतिहासिक आहे. जेम्स पोर्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे प्रकरण, ज्यू ग्रंथांना युरोपीय संस्कृतीतून हद्दपार करू पाहणाऱ्या जर्मन विद्वत्तेला दिलेले उत्तर म्हणून वाचले. ते वाचन पटण्यासारखे आहे, तथापि त्यामुळे प्रकरणातील साहित्यिक निरीक्षणे खरी किंवा खोटी ठरत नाहीत.

‘मिमेसिस’ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काही वर्षांत एक समांतर वाद भाषाशास्त्रात झाला. नॉर्वेचे थोर्लाइफ बोमान यांनी १९५२ साली हिब्रू विचार गतिशील आणि ग्रीक विचार स्थितिशील असा भेद थेट दोन भाषांच्या घडणीवरून काढला, आणि १९६१ साली जेम्स बार यांनी क्रियापदांच्या रूपांवरून एखाद्या समाजाचे मन वाचण्याची ही पद्धतच सदोष असल्याचे दाखवून दिले. बार यांच्यानंतर ‘ग्रीक मन’ आणि ‘हिब्रू मन’ यांविषयी तितक्या सहजतेने लिहिणे अवघड झाले, आणि ते बरेच झाले.

समान भूमीचा शोध

विरोधाच्या या मांडणीला खरे आव्हान साहित्यसमीक्षेतून नव्हे, तर उत्खननातून मिळाले. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शामरा येथे १९२९ पासून उगारित या प्राचीन नगराचे अवशेष सापडू लागले आणि तेथील मृत्तिकापट्टांवर हिब्रूला जवळच्या भाषेतली, पण होमरसारखी पद्यबद्ध आणि पुनरुक्तीने चालणारी वीरकाव्ये मिळाली. त्यांपैकी एकात सर्व कुटुंब गमावलेला राजा किर्ता देवाच्या आदेशाने सैन्य घेऊन दूरच्या नगरीकडे कूच करतो आणि तेथील राजकन्या मागतो. सायरस गॉर्डन यांनी १९५५ पासून पुढे असे प्रतिपादन केले की हा दुवा आहे : वधूसाठी केलेली मोहीम एकीकडे ट्रॉयच्या युद्धाचे कारण ठरलेल्या हेलनच्या कथेशी आणि वंश टिकण्याची तळमळ दुसरीकडे अब्राहामाच्या कथेशी नाते सांगते, म्हणून ग्रीक आणि हिब्रू या एकाच पायावरच्या दोन इमारती आहेत. क्रीटमधील न वाचल्या गेलेल्या ‘लिनिअर ए’ लिपीची भाषा सेमिटिक असल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, आणि त्याचा फटका त्यांच्या उरलेल्या मांडणीलाही काही काळ बसला. मात्र वाल्टर बुर्कर्ट यांनी १९८४ साली, आणि मार्टिन वेस्ट यांनी १९९७ च्या आपल्या प्रचंड ग्रंथात, पश्चिम आशियातून ग्रीसकडे कारागीर, मांत्रिक, लिपी आणि कथा कोणत्या मार्गांनी गेल्या याचे पुरावे इतक्या बारकाईने मांडले, की ग्रीक महाकाव्य एकाकी उगवले असे आता कोणी गंभीरपणे म्हणत नाही. ग्रीक वर्णमालाच मुळी फिनिशियनांकडून आलेली आहे.

प्रवासाच्या संदर्भात या भूमीतील सर्वांत बोलका पुरावा बहुधा महाकाव्यातला नसून एका पुतळ्यावरचा आहे. लेनर्ड वुली यांना १९३९ साली आजच्या तुर्कस्तानातील अलालाख येथे इद्रिमी राजाची मूर्ती सापडली. तिच्यावर कोरलेला इ.स.पूर्व पंधराव्या शतकातील लेख प्रथमपुरुषी आत्मकथन आहे. अलेप्पो येथील पितृगृहात काही अनिष्ट घडल्यामुळे इद्रिमी भावांसह आईच्या नातलगांकडे एमार येथे पळतो. मोठे भाऊ तेथेच आश्रित म्हणून राहण्यात समाधान मानतात, धाकटा मात्र घोडा, रथ आणि सारथी घेऊन वाळवंट ओलांडून कनानात जातो, हबिरू म्हणवणाऱ्या भटक्या टोळ्यांमध्ये सात वर्षे काढतो, शकुन अनुकूल होताच जहाजे बांधून किनाऱ्याने परततो आणि राज्य मिळवतो. परागंदा झालेला धाकटा भाऊ, मातुल घराचा आसरा आणि वर्षांची ठरावीक संख्या हे सर्व याकोबाच्या कथेत आहे; समुद्रमार्गे परत येऊन सत्ता पुन्हा मिळवणे ‘ओडिसी’त आहे. कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्न येथे गैरलागू होतो, कारण परागंदा राजपुत्राची गोष्ट सांगण्याची रीत या किनाऱ्यावर दोन्ही ग्रंथांच्या कित्येक शतके आधीपासून रूढ होती.

समान रीतींचा असाच अभ्यास प्रसंगांच्या पातळीवर झाला आहे. ठरावीक घटकांनी बनलेल्या पुनरावृत्त प्रसंगाला ‘साचेबद्ध प्रसंग’ म्हणतात. होमरमधील अशा प्रसंगांचे वर्गीकरण वाल्टर आरेंड यांनी १९३३ साली केले आणि रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१ साली ती कल्पना हिब्रू कथांना लावली. परमुलखात आलेल्या पुरुषाला विहिरीपाशी मुलगी भेटते, पाणी काढले जाते, ती घराकडे धावत जाऊन बातमी सांगते, जेवण होते आणि लग्न ठरते : अब्राहामाची सून रिबका, याकोबाची पत्नी राहेल आणि मोशेची पत्नी सिप्पोरा यांच्या कथांत हा क्रम आहे. ‘ओडिसी’त त्याची दोन रूपे सापडतात. सहाव्या सर्गात कपडे धुण्यासाठी नदीवर आलेली राजकन्या नॉसिका परक्या ओडिसिअसला बापाच्या घराची वाट दाखवते आणि लग्नाची शक्यता हवेत राहते, परंतु तो तेथे थांबत नाही. दहाव्या सर्गात झऱ्यावर पाणी भरायला आलेली मुलगी ओडिसिअसच्या माणसांना तितक्याच सौजन्याने घर दाखवते, आणि त्या घरात नरभक्षक राक्षस असतात. श्रोत्यांना मूळ साचा तोंडपाठ असल्याशिवाय अशी थट्टा साधत नाही.

अतिथीधर्माच्या प्रसंगांचेही असेच आहे. अनोळखी पाहुण्याला नाव विचारण्याआधी जेवू घालणे हा नियम, ज्याला ग्रीक ‘झेनिया’ म्हणतात, ओडिसिअसच्या प्रवासाचा कणा आहे आणि सायक्लॉप्स पॉलिफेमस तो मोडतो म्हणूनच राक्षस ठरतो. मम्रे येथे तंबूच्या दारात बसलेला अब्राहाम तीन वाटसरूंना पाय धुवायला पाणी देतो, वासरू कापतो आणि ते देवाचे दूत निघतात, तर त्याच दूतांवर सदोम नगरीचे लोक चालून जातात.

सॅम्युएल सँडमेल यांनी १९६१ सालच्या एका व्याख्यानात साम्ये गोळा करण्याच्या छंदाला ‘समांतरांचे वेड’ असे नाव दिले. त्यांचा इशारा आजही लागू आहे : दोन वेचे संदर्भातून उपटून शेजारी ठेवले की ते सारखेच दिसतात.

एकच साचा?

हा इशारा सर्वाधिक लागू पडतो तो सार्वत्रिक वीरकथेच्या सिद्धान्तांना. ऑटो रँक (१९०९), लॉर्ड रॅग्लन (१९३६) आणि जोसेफ कॅम्बेल (१९४९) यांनी जगभरच्या वीरचरित्रांखाली एकच आराखडा असल्याचे मांडले. कॅम्बेल यांच्या मते वीर नेहमीच्या जगातून निघतो, कसोट्या पार करतो आणि लाभ घेऊन परततो. रॅग्लन यांनी बावीस घटनांची यादी करून तीत मोशेला वीस गुण दिले. लोकप्रिय लेखनात आणि पटकथालेखनाच्या वर्गांत या आराखड्याचे राज्य आहे. विद्यापीठीय अभ्यासात मात्र त्याचा उपयोग मर्यादितच राहिला, कारण तो ज्या घटकांना गौण मानून बाजूला सारतो तेच येथे निर्णायक आहेत. कॅम्बेल यांच्या वर्तुळात परत येणे आवश्यक आहे. अब्राहाम परतत नाही आणि मोशे पोचत नाही.

परतणे आणि निघून जाणे

तत्त्वज्ञानात या भेदाला वेगळे वजन आले. एमान्युएल लेव्हिनास यांनी १९६३ साली ओडिसिअस आणि अब्राहाम यांना दोन विचारपद्धतींची प्रतीके केले : एक साऱ्या अनुभवांतून फिरून शेवटी स्वतःच्याच बेटावर येतो, तर दुसरा मायभूमी कायमची सोडतो आणि आपल्या मुलालाही तिकडे नेऊ नये अशी नोकराला ताकीद देतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने नेहमी पहिला मार्ग धरला, ‘पर’ अशा दुसऱ्याला गाठून त्याला ‘स्व’मध्ये विरघळवले, हा त्यांचा आरोप. पुढच्याच वर्षी झाक देरिदा यांनी या दोन परंपरा इतक्या निर्भेळपणे वेगळ्या करता येतील का, असा प्रश्न उपस्थित केला आणि जेम्स जॉइस यांची आठवण काढली, ज्यांच्या १९२२ च्या कादंबरीतला ओडिसिअस ज्यू वंशाचा डब्लिनकर आहे.

लेव्हिनास यांची जोडी प्रभावी आहे, पण ती ज्या दोन टोकांवर उभी आहे ती दोन्ही ग्रंथांतच डळमळतात. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात भेटलेला द्रष्टा टायरेशियस ओडिसिअसला सांगतो की घरी पोचल्यावरही त्याला पुन्हा निघावे लागेल, खांद्यावर वल्हे घेऊन, समुद्र ठाऊक नसलेल्या लोकांपर्यंत, जेथे एखादा वाटसरू त्या वल्ह्याला धान्य उफणण्याचे साधन समजेल, तेथे ते रोवून समुद्रदेव पोसायडनला बळी द्यायचा. घर हा त्याचा शेवट नाही. दुसरीकडे, सतत पुढे जाणारा अब्राहाम पत्नी सारा मरण पावल्यावर हेब्रोनजवळच्या मकपेला येथील गुहा एफ्रोन हित्तीकडून विकत घेतो. एफ्रोन सौजन्याने ती फुकट देऊ करतो, मग किंमत सांगतो, आणि अब्राहाम नगराच्या वेशीत साक्षीदारांसमोर चारशे शेकेल चांदी तोलून देतो. शेत, गुहा आणि शिवारातली झाडे असा तपशील खरेदीखतासारखा नोंदलेला आहे. वचन दिलेल्या देशात त्याच्या हाती आलेली जमीन एवढीच.

अब्राहामाच्या जागी याकोब घेतला तर तुलना जवळजवळ उलटते. याकोबही वीस वर्षे दूर राहतो, तोही बुद्धीने आणि फसवणुकीने तरतो, त्यालाही परततानाची भीती आहे. आंधळा बाप इसहाक याच्यासमोर जाताना याकोब हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधतो आणि म्हातारा हाताने चाचपून फसतो; ओडिसिअसने आंधळा केलेला पॉलिफेमस मेंढ्यांच्या पाठी चाचपतो आणि माणसे त्यांच्या पोटाखाली लटकून निसटतात. भेद पडतो तो घरी आल्यावर. ओडिसिअस घरात ठाण मांडलेल्या १०८ विवाहेच्छूंची कत्तल करतो. याकोब भावापुढे दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस मेंढे आणि कितीतरी उंट-गाढवे भेट म्हणून पुढे धाडतो, सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो, आणि एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो. आदल्या रात्री यब्बोक नदीच्या काठी अनोळखी पुरुषाशी झुंजून याकोब लंगडा झालेला असतो आणि त्याला नवे नाव मिळालेले असते. म्हणजे दोन्ही प्रवासी परतणारे आहेत, मात्र परतण्याने काय साधायचे याबद्दल दोन कथा वेगळे बोलतात. हा भेद लेव्हिनास यांच्या भेदापेक्षा लहान असला तरी मजकुरावर अधिक घट्ट बसतो.

ज्या व्यक्तींना प्रवासाचा मान मिळत नाही त्यांच्याकडे लक्ष गेल्या काही दशकांत वळले. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ साली हागार या मिसरी दासीच्या अरण्यातील दोन प्रवासांचे केलेले वाचन या दिशेचा पाया मानला जातो. हागार देवाला नाव देते, जे अब्राहामही करत नाही. मवाबातून बेथलेहेमला येणारी रूथ आणि वीस वर्षे जागची न हलणारी ओडिसिअसची पत्नी पेनेलपी यांची जोडीही आता चर्चेत आहे, तसेच परतलेल्या धन्याच्या घरात फासावर दिल्या गेलेल्या बारा दासींची बाजूही. या वाचनांनी मूळ प्रश्नात भर घातली की प्रश्नच बदलला, याबद्दल एकमत नाही.

महाकाव्य की गद्य

ग्रीक प्रवास षट्पदी छंदात गायला गेला आणि हिब्रू प्रवास गद्यात लिहिला गेला, ही वस्तुस्थिती आहे. तिचा अर्थ काय, हा वाद. उंबेर्तो कस्सुतो यांचे मत असे होते की प्राचीन इस्राएलातही वीरकाव्ये होती आणि आजचे गद्य त्यांवर आधारलेले आहे. फ्रँक मूर क्रॉस यांनी १९७३ साली कनानी महाकाव्याशी असलेल्या नात्यावर भर देत हीच दिशा पुढे नेली. शेमार्याहू ताल्मोन यांनी याला विरोध केला : बहुदेववादी विधींशी जखडलेला महाकाव्याचा प्रकार हिब्रू लेखकांनी जाणूनबुजून टाळला. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातील गायकांच्या अभ्यासातून होमरची रचना मौखिक सूत्रांवर चालते हे दाखवल्यावर या वादाला नवा आधार मिळाला. रॉबर्ट कावाशिमा यांनी २००४ साली आउअरबाख यांचा भेद याच पायावर पुन्हा उभा केला. त्यांच्या मते फरक दोन लोकांच्या स्वभावात नसून गायलेल्या आणि लिहिलेल्या कलेत आहे, आणि उगारितची काव्ये या बाबतीत हिब्रूपेक्षा होमरच्या बाजूला पडतात. आजच्या घडीला ही मांडणी सर्वांत काटेकोर वाटते.

गद्यातील हे प्रवास पुन्हा पद्यात गेल्यावर काय होते याचे एक उदाहरण मराठीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा ओवीबद्ध आहेत, आणि कोकणातील बेने इस्राएल समाजात पुढे याच कथांची मराठी कीर्तने झाली. पुराण आणि कीर्तन यांत श्रोत्यापाशी मौन ठेवता येत नाही. आउअरबाख यांना जे न सांगितलेले महत्त्वाचे वाटले ते तेथे निरूपणात भरून निघते. तुलनेच्या चर्चेत या सामग्रीचा उपयोग व्हायला हवा.

अनिर्णित राहिलेले

कालनिश्चिती ही मोठी अडचण आहे. ‘ओडिसी’ इ.स.पूर्व आठव्या ते सातव्या शतकांत आजच्या रूपाजवळ आली असे बहुतेक मानतात, पण तोराच्या अंतिम घडणीचा काळ इ.स.पूर्व ५८६ च्या यरुशलेम-पतनापूर्वीचा किती आणि नंतरचा किती, यावर गेली पन्नास वर्षे मते अधिकच पांगली आहेत. त्या पतनानंतरच्या बाबिलोनच्या बंदिवासातून परतण्याचा अनुभव निर्गमाच्या, म्हणजे मिसरातून बाहेर पडण्याच्या, कथेत किती उतरला, हे त्यावर अवलंबून आहे. फिलिप वाज्देनबॉम यांनी २०११ साली हिब्रू लेखकांनीच ग्रीक ग्रंथ वापरले असे टोकाचे मत मांडले; ते फारसे स्वीकारले गेले नाही. त्याच वर्षी ब्रूस लाउडन यांनी योसेफाच्या आणि ओडिसिअसच्या ओळख पटण्याच्या प्रसंगांसह अनेक साम्ये तपशिलाने मांडली.

याहून कमी अभ्यासलेला प्रश्न प्रवास कोठे संपतो हा आहे, आणि तो दोन्ही परंपरांत मजकुराच्याच पातळीवर वादग्रस्त आहे. अलेक्झांड्रियाचे संपादक अरिस्टोफेनीस आणि अरिस्टार्कस यांनी ‘ओडिसी’चा शेवट तेविसाव्या सर्गातील २९६ व्या ओळीवर, पतिपत्नी शय्येकडे जातात तेथे, मानला; उरलेला भाग, ज्यात मारल्या गेलेल्यांचे नातलग सूड घ्यायला येतात आणि देवी अथीना तह घडवते, तो नंतरचा की मूळचा याबद्दल आजही दोन पक्ष आहेत. ‘टेलिगोनिया’ या हरवलेल्या काव्यात ओडिसिअसची कथा त्याच्याही पुढे, त्याला न ओळखणाऱ्या मुलाच्या हातून येणाऱ्या मृत्यूपर्यंत नेलेली होती. तोरा नबो पर्वतावर, मोशेला पलीकडचा देश नुसता दाखवून संपते. गेरहार्ड फॉन राड यांनी १९३८ साली यहोशवाचा ग्रंथ जोडून सहा ग्रंथांचा संच धरला, म्हणजे कथा देशात पोचते. जेम्स सँडर्स यांनी १९७२ साली उलट म्हटले की वेशीबाहेरचा शेवट बंदिवासातील समाजाने जाणीवपूर्वक राखला. संपूर्ण हिब्रू बायबलचा शेवटही हस्तलिखितांच्या क्रमानुसार बदलतो. ताल्मूदमध्ये दिलेल्या क्रमात शेवटी इतिहासाचा ग्रंथ येतो आणि पारसिक राजा कोरेश लोकांना यरुशलेमाकडे निघण्याची परवानगी देतो तेथे सारे थांबते. १००८ सालच्या लेनिनग्राड हस्तलिखितात मात्र एज्रा-नहेम्या शेवटी असल्यामुळे परतलेले लोक नगराच्या भिंती बांधून, आपसांतले तंटे मिटवत बसलेले दिसतात.